विहिरीत गोटा सोडून पाण्याची खोली कशी मोजावी : गुरुत्वाखालील उभ्या गतीचा एक प्रत्यक्ष अभ्यास

वावरातल्या जुन्या विहिरीची खोली विचारली, तर घरातली वडीलधारी माणसे ती परसांत (पुरुषभर उंचीच्या जुन्या मापात) किंवा फुटांत लगेच सांगतात. पण तो आकडा खोदकामाचा असतो. आज पाणी जमिनीपासून किती खाली आहे हे त्यावरून कळत नाही, कारण दिवाळीच्या सुमारास हाताशी वाटणारे पाणी मे महिन्यात तळाशी गेलेले असते. दोर आणि वजन घेऊन ही खोली मोजता येते, आणि शक्य असेल तेव्हा तसेच मोजावे. मात्र एक गोटा आणि मोबाइल एवढ्या साधनांवरही ती पुष्कळ अचूकपणे काढता येते, आणि ती काढताना नववी-दहावीच्या विज्ञानातली गुरुत्व त्वरण, मुक्त पतन आणि गतिविषयक समीकरणे ही प्रकरणे हाताखालून जातात. या रीतीतले सूत्र एका ओळीचे आहे आणि ते बहुतेकांना पाठ असते. खरे काम सूत्राच्या पुढे सुरू होते : आपल्या मोजणीतली प्रत्येक चूक उत्तराला कोणत्या बाजूला आणि किती ढकलते, हे ओळखणे. म्हणून पुढे सूत्राला थोडी जागा दिली आहे आणि चुकांना अधिक.

पडणाऱ्या वस्तूचा हिशेब

हातातून सोडलेल्या गोट्याचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद एवढा वाढत जातो. सोडण्याच्या क्षणी वेग शून्य असतो, एका सेकंदानंतर तो ९.८ होतो, दोन सेकंदांनंतर १९.६ होतो. वेग अशा सारख्या चालीने वाढत असल्यामुळे एखाद्या कालावधीतला सरासरी वेग हा सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगांच्या बरोबर मधोमध असतो. पहिल्या सेकंदात वेग शून्यापासून ९.८ पर्यंत जातो, म्हणजे सरासरी ४.९, आणि म्हणून पहिल्या सेकंदात गोटा ४.९ मीटर पडतो, ९.८ मीटर नव्हे. दोन सेकंदांत सरासरी वेग ९.८ आणि वेळ दोन सेकंद, म्हणून अंतर १९.६ मीटर. यातून सूत्र आपोआप हाती येते :

अंतर (मीटरमध्ये) = ४.९ × वेळ × वेळ

आपल्याकडे विहीर फुटांत बोलली जाते, त्यामुळे फुटांतले रूप अधिक कामाचे आहे. ४.९ मीटर म्हणजे साधारण १६ फूट, म्हणून वेळेच्या वर्गाला १६ ने गुणावे. एका सेकंदात १६ फूट, दीड सेकंदात ३६ फूट, दोन सेकंदांत ६४ फूट, अडीच सेकंदांत १०० फूट. हे चार आकडे तोंडपाठ असले, तर विहिरीच्या काठावरच कागदाशिवाय अंदाज बांधता येतो. अर्ध्या वेळात अर्धे अंतर होत नाही, पाव अंतर होते, ही गोष्ट या आकड्यांत उघड दिसते : दोन सेकंदांत ६४ फूट पडणारा गोटा पहिल्या सेकंदात केवळ १६ फूट गेलेला असतो आणि उरलेले ४८ फूट दुसऱ्या सेकंदात जातो.

सलग सारख्या कालावधींत पडलेली अंतरे १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात, हे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात गॅलिलिओने मांडले. त्याच्याजवळ सेकंदाचा अंश मोजणारे घड्याळ नव्हते. म्हणून त्याने गोळा सरळ खाली न टाकता उतरत्या फळीवरून सोडला, त्यामुळे गती मंदावली, आणि भांड्यातून वाहून गेलेल्या पाण्याचे वजन करून वेळ मोजली. वेळ मोजता येत नसेल तर गतीच मंद करावी, ही त्याची युक्ती मला आजही शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कोणत्याही उपकरणापेक्षा मोलाची वाटते, कारण घरातली एखादी लांब फळी आणि एक गोटी घेऊन ती कोणत्याही खेड्यात करून पाहता येते.

या सूत्रात गोट्याचे वजन कुठेच येत नाही. एका हातात गोटा आणि दुसऱ्या हातात कापसाचे बोंड घेऊन दोन्ही एकदम सोडले, तर गोटा आधी पडतो हे खरे. पण त्याचे कारण हवा आहे. कापसाचे वजन कमी आणि पसारा मोठा असल्यामुळे हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या जवळपास लगेच पोहोचतो. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर, जिथे हवा नाही, हातोडा आणि पीस एकदम सोडले, तेव्हा दोन्ही बरोबरच जमिनीवर टेकले. आपल्या विहिरीत हवा आहे, म्हणून वस्तूची निवड महत्त्वाची ठरते. तिचा विचार पुढे येईल.

९.८ हा आकडाही पृथ्वीवर सगळीकडे अगदी तोच नाही. पृथ्वी विषुववृत्ताशी किंचित फुगलेली आहे आणि ती स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्तावर हे त्वरण सुमारे ९.७८० आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३२ असते. नागपूरचा अक्षांश २१ अंशांच्या किंचित वर आणि उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर धरली, तर तिथे ते ९.७८६ च्या आसपास येते. ९.८ घेतल्याने पंधरा मीटर खोलीत जेमतेम दोन सेंटिमीटरांचा फरक पडतो, तेव्हा संपूर्ण विदर्भात ९.८ निश्चिंतपणे वापरावे.

विहीर आणि गोटा निवडताना

ही मोजणी केवळ भक्कम कठडा असलेल्या विहिरीवर करावी. आपल्या भागात अनेक विहिरींचे तोंड अजूनही जमिनीलगत उघडे असते, आणि काळ्या मातीचा काठ पावसाळ्यात घसरडा होतो व उन्हाळ्यात भेगाळून ढासळतो; अशा विहिरीच्या जवळही मुलांनी जाऊ नये. कठडा असला तरी सोबत एक मोठे माणूस असलेच पाहिजे, आणि कठड्यावर चढून किंवा पोटावर ओणवे होऊन खाली पाहण्याची या रीतीत कुठेही गरज पडत नाही.

गोटा सोडण्यापूर्वी विहिरीत गाळ काढायला, पंप काढायला किंवा पाइप जोडायला कोणी उतरलेले नाही ना, याची हाक मारून आणि प्रत्यक्ष पाहून खात्री करावी. हा शिष्टाचाराचा भाग नाही, हिशेबाचा आहे : पन्नास फूट खाली पोहोचताना गोट्याचा वेग ताशी ६० किलोमीटरांच्या वर गेलेला असतो. पंपाचा पाइप, वायर आणि विहिरीतल्या पायऱ्या कोणत्या बाजूला आहेत ते बघून त्यांच्यापासून दूरची मोकळी बाजू निवडावी. विहीर पिण्याच्या पाण्याची असेल, तर गोटा घासून स्वच्छ धुतलेला असावा.

बोअरवेलमध्ये मात्र काहीही टाकू नये. नळीचे तोंड अरुंद असते, पडणारा खडा नळीच्या भिंतीला ठोकरत जातो, म्हणून हिशेब चुकतो. आणि तो पंप व नळी यांच्यामध्ये अडकला, तर पंप वर काढणे अवघड होऊन बसते. वरुड-मोर्शीसारख्या संत्र्याच्या पट्ट्यात, जिथे पाणी फार खोल गेले आहे, तिथे बोअरची पातळी वजन लावलेल्या मोजपट्टीनेच पाहावी.

गोटा लिंबापेक्षा मोठा आणि संत्र्यापेक्षा लहान, गोलसर व जड असावा. आपल्याकडच्या नाल्यांत मिळणारा काळा दगड या कामाला उत्तम आहे. विटेचा तुकडा, ढेकूळ किंवा चपटी खापरी घेऊ नये, कारण ढेकूळ फुटते आणि चपटी वस्तू हवेत वाकडीतिकडी जाते.

गोटा सोडणे आणि वेळ मोजणे

हात कठड्याच्या बाहेर पुरेसा लांब करून गोटा अंगठा आणि दोन बोटे यांच्यामध्ये धरावा, हात स्थिर होऊ द्यावा, आणि बोटे एकदम उघडावीत. गोटा फेकू नये, सोडावा. ही सूचना वरवर किरकोळ वाटते, परंतु तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर बाकी सगळी काळजी वाया जाते. पाणी पन्नास फुटांवर आहे आणि सोडताना हाताच्या झटक्याने गोट्याला खालच्या दिशेने केवळ एक मीटर प्रति सेकंद एवढा वेग मिळाला, तर तो सुमारे एक दशांश सेकंद आधी पाण्यावर आदळतो. आणि आपले सूत्र, ज्यात सुरुवातीचा वेग शून्य धरलेला आहे, खोली जवळपास साडेपाच फुटांनी कमी दाखवते.

वेळ मोजण्याची सर्वांना सुचणारी रीत म्हणजे मोबाइलमधले स्टॉपवॉच : गोटा सोडताना दाबावे, आवाज आल्यावर पुन्हा दाबावे. ही रीत पहिल्या अंदाजाला ठीक आहे, पण आवाज कानावर पडल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण दोन दशांश सेकंद जातात. सोडण्याचा क्षण आपल्याला आधी ठाऊक असतो, म्हणून तिथे उशीर होत नाही. आदळण्याचा क्षण ठाऊक नसतो, म्हणून तिथे होतो. दोन्हीकडचा उशीर एकमेकांना खोडून काढेल ही समजूत म्हणूनच फसवी आहे. पन्नास फुटांच्या खोलीवर गोट्याचा वेग सतरा मीटर प्रति सेकंदांच्या पुढे असतो, म्हणजे दोन दशांश सेकंदांची चूक सुमारे साडेतीन मीटरांची, अर्थात अकरा फुटांची होते. पाण्यासाठी किती पाइप लागेल हे ठरवायचे असेल, तर एवढी चूक परवडणारी नाही.

म्हणून व्हिडिओ काढावा. दुसऱ्या व्यक्तीने कठड्यापासून दोन पावले मागे, बाजूला उभे राहून, गोटा धरलेला हात स्पष्ट दिसेल असा साधा व्हिडिओ सुरू करावा आणि आदळण्याचा आवाज येऊन गेल्यावर बंद करावा. त्या वेळी सगळ्यांनी शांत राहावे आणि जवळची मोटर बंद ठेवावी. संथ गतीचा व्हिडिओ घेऊ नये, कारण अनेक मोबाइलांत त्यात आवाज नीट नोंदला जात नाही. नंतर व्हिडिओ कापण्या-जोडण्याच्या कोणत्याही मोफत ॲपमध्ये तो उघडून एकेक फ्रेम पुढे सरकवावी : ज्या फ्रेममध्ये गोटा बोटांपासून सुटलेला प्रथम दिसतो ती सुरुवात, आणि आवाजाच्या आलेखात जिथे पहिला उंच टोकदार उंचवटा येतो तो शेवट. साध्या व्हिडिओत सेकंदाला तीस फ्रेम असतात, म्हणून एका फ्रेमची चूक सेकंदाच्या तिसाव्या भागाची, म्हणजे पन्नास फुटांवर दोन फुटांपेक्षा कमी. मोबाइलमध्ये साठ फ्रेमची सोय असेल तर ती वापरावी, चूक अर्ध्यावर येते. तीन-चार वेळा गोटा सोडून येणाऱ्या वेळांची सरासरी घ्यावी. एखादा आकडा बाकीच्यांपासून फारच वेगळा पडला, तर गोटा भिंतीला घासला असण्याची शक्यता असते, आणि व्हिडिओतला आवाज पुन्हा ऐकला की ते सहसा लक्षात येते.

आवाजाला वर यायला लागणारा वेळ

आपण मोजलेल्या वेळेत दोन प्रवास आहेत : गोट्याचा खाली जाण्याचा आणि आवाजाचा वर येण्याचा. शून्य अंश तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३३१ मीटर जातो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरने वेगवान होतो. विहिरीतल्या हवेसाठी ३४५ मीटर प्रति सेकंद हा आकडा वर्षभर चालतो. चंद्रपूर-नागपूरकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्याचा आणि डिसेंबरच्या पहाटेचा फरक मोठा असला, तरी पन्नास फुटांच्या खोलीत त्याने उत्तर चार-पाच सेंटिमीटरांपेक्षा अधिक हलत नाही. तेव्हा तापमानाच्या मागे लागू नये.

खरा प्रश्न असा की आवाजाला लागलेला वेळ काढायला खोली लागते, आणि खोली काढायला तो वेळ लागतो. यासाठी वर्गसमीकरण मांडता येते, परंतु वहीवर करण्याजोगी त्याहून सोपी रीत म्हणजे आधी अंदाज घ्यावा आणि मग तो सुधारत न्यावा. मोजलेला एकूण वेळ १.८० सेकंद आहे असे समजू.

पहिल्या फेरीत आवाजाचा विचार सोडून द्यावा. १.८० चा वर्ग ३.२४, त्याला ४.९ ने गुणले की १५.८८ मीटर. एवढे अंतर वर यायला आवाजाला १५.८८ भागिले ३४५, म्हणजे ०.०४६ सेकंद लागतात.

दुसऱ्या फेरीत हा वेळ वजा करावा. गोट्याच्या वाट्याला १.७५४ सेकंद उरतात; त्याचा वर्ग ३.०७७, म्हणून खोली १५.०७ मीटर. या सुधारलेल्या खोलीसाठी आवाजाचा वेळ ०.०४४ सेकंद.

तिसऱ्या फेरीत गोट्याचा वेळ १.७५६ सेकंद आणि खोली १५.११ मीटर येते. चौथी फेरी करून पाहिली तर आकडा सेंटिमीटरभरही हलत नाही, म्हणून इथे थांबावे. खोली १५.१ मीटर, म्हणजे सुमारे साडेएकोणपन्नास फूट. आवाजाचा विचार केला नसता, तर आपण बावन्न फूट लिहिले असते.

ही खोली हातापासून मोजलेली आहे. हात जमिनीपासून तीन फूट उंच असेल, तर जमिनीपासून पाणी साडेशेहेचाळीस फुटांवर आहे. ही वजाबाकी विसरली जाते, आणि दोन वेगवेगळ्या उंचीच्या माणसांनी एकाच विहिरीवर काढलेली उत्तरे जुळत नाहीत तेव्हा बहुधा हेच कारण निघते. शिवाय ही खोली पाण्याच्या पृष्ठभागाची आहे, विहिरीच्या तळाची नाही. पाणी किती उभे आहे हे कळण्यासाठी खोदकामाची खोली माहीत असावी लागते आणि तळाशी किती गाळ बसला आहे हेही; गोटा त्याबद्दल काहीच सांगत नाही.

चूक कोणत्या बाजूला जाते

बोटाचा उशीर मोजलेला वेळ वाढवतो. आवाजाचा प्रवास वेळ वाढवतो. हवेचा विरोध गोट्याला थोडा मंद करतो, म्हणजे तोही वेळ वाढवतो. पाच सेंटिमीटर व्यासाच्या काळ्या गोट्याच्या बाबतीत पंधरा मीटरांच्या खोलीवर त्याने सुमारे वीस सेंटिमीटर जास्त खोली दिसते, आणि गोटा लहान किंवा हलका घेतला तर त्याहून अधिक. म्हणजे तिन्ही चुका एकाच बाजूच्या आहेत : पाणी आहे त्यापेक्षा खोल दिसते. उलट बाजूला ढकलणारी मोठी चूक एकच, सोडताना दिलेला झटका. म्हणून उत्तराची दोराशी पडताळणी करताना आपले उत्तर जास्त आले, तर वेळेच्या मोजणीकडे पाहावे, आणि कमी आले तर हाताकडे पाहावे. विद्यार्थ्यांनी वहीत ‘मानवी चूक’ असे मोघम लिहून मोकळे होण्यापेक्षा चुकीची दिशा आणि तिचा फुटांतला अंदाज लिहिला, तर तो प्रयोग खऱ्या अर्थाने झाला असे मी म्हणेन, आणि शिक्षकांनी गुणही त्यालाच द्यावेत.

स्टॉपवॉचची मोजणी सरासरीने सुधारत नाही ती याच कारणाने. दहा वेळा स्टॉपवॉच दाबून सरासरी काढली, तरी दहाही वेळा बोटाला उशीरच झालेला असतो. सरासरी त्या उशिराला धक्का लावत नाही. कधी पुढे कधी मागे होणाऱ्या चुका सरासरीत विरतात, एकाच बाजूच्या चुका विरत नाहीत.

पडताळणीसाठी नायलॉनच्या दोराला वजन बांधून तो खाली सोडावा, दोर सैल पडल्याबरोबर खूण करावी आणि तो ओला व्हायला जिथून सुरुवात झाली तिथपर्यंत मोजावे. एका विहिरीवर अशी एकदा जुळणी झाली, की पुढे महिन्याच्या महिन्याला केवळ गोट्याने नोंद ठेवता येते, आणि त्या वेळी पातळी किती उतरली हा फरकच महत्त्वाचा असल्यामुळे हवेच्या विरोधासारख्या कायमच्या चुका बऱ्याचशा आपोआप वजा होतात.

वर फेकलेला चेंडू

वर जाणाऱ्या वस्तूला वेगळे सूत्र लागत नाही, फक्त दिशेची शिस्त लागते. मोकळ्या वावरात एक भरीव रबरी चेंडू सरळ वर फेकावा आणि तो पुन्हा त्याच उंचीवर हातात येईपर्यंतचा वेळ व्हिडिओवरून काढावा. एकूण वेळ तीन सेकंद आला, तर दीड सेकंद वर जाण्यात आणि दीड सेकंद खाली येण्यात गेला. खाली येण्याचा भाग म्हणजे नेमका विहिरीतल्या गोट्याचा हिशेब : दीड सेकंदात ११ मीटर, म्हणजे ३६ फूट. चेंडू तेवढा उंच गेला होता, आणि हातातून १४.७ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटला होता. फुटांतली तोंडी रीत अशी की एकूण वेळेच्या वर्गाला चारने गुणावे. टेनिसचा चेंडू या कामाला हलका पडतो. हवेच्या विरोधामुळे त्याला वर जायला कमी आणि खाली यायला जास्त वेळ लागतो, म्हणून बरोबर अर्धे करणे तिथे चुकते.

सर्वांत वरच्या बिंदूवर चेंडूचा वेग शून्य असतो, म्हणून त्वरणही शून्य असते, असे उत्तर परीक्षेत फार वेळा लिहिले जाते. त्वरण तिथेही ९.८ च असते, खालच्या दिशेने. ते शून्य असते, तर वेग शून्यच राहिला असता आणि चेंडू तिथेच राहिला असता. तो वर क्षणभर टांगल्यासारखा दिसतो याचे कारण हिशेबातच आहे : शिखराच्या आधीच्या आणि नंतरच्या एकेक दशांश सेकंदात तो पाच सेंटिमीटरसुद्धा हलत नाही. अर्ध्या वेळात पाव अंतर हा नियम शिखरापासून लावला, तर आणखी एक गोष्ट दिसते. उड्डाणाचा अर्धा वेळ चेंडू वरच्या पाव उंचीतच असतो.

आता दोन्ही गोष्टी एकत्र करू. हे उदाहरण कागदावरच करावे, विहिरीच्या काठावर नव्हे, कारण सरळ वर फेकलेला दगड डोक्यावर येऊ शकतो. कठड्याशी धरलेला गोटा ९.८ मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकला आणि तो परत येताना विहिरीत जाऊन हातापासून १४.७ मीटर खाली असलेल्या पाण्यात पडला, तर एकूण वेळ किती?

सुरुवातीलाच ठरवून लिहावे : वरची दिशा धन, खालची ऋण, हाताची जागा शून्य. मग सुरुवातीचा वेग +९.८, त्वरण −९.८, आणि पाण्याची जागा −१४.७. एकदा ठरले की मध्ये बदलायचे नाही. गोटा खाली येऊ लागला म्हणून त्वरणाचे चिन्ह बदलणे ही या प्रकरणातली सर्वांत जास्त होणारी चूक आहे. समीकरण असे होते :

−१४.७ = ९.८ × वेळ − ४.९ × वेळेचा वर्ग

दोन्ही बाजूंना ४.९ ने भागून मांडणी केली, की वेळेचा वर्ग, वजा दोन वेळ, वजा तीन, बरोबर शून्य. अवयव पाडल्यावर वेळ ३ सेकंद किंवा −१ सेकंद येते. ३ सेकंदांचा ताळा तुकडे पाडून घ्यावा : वेग शून्य व्हायला एक सेकंद लागतो, तेवढ्यात गोटा ४.९ मीटर वर जातो. तिथून पाणी १९.६ मीटर खाली आहे, तेवढे पडायला दोन सेकंद. एक आणि दोन मिळून तीन.

−१ हे उत्तर विद्यार्थी लगेच खोडून टाकतात, आणि विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नाही हे बरोबर आहे. तरी खोडण्यापूर्वी वेगाच्या समीकरणात ते घालून पाहावे. गोटा हातातून सुटण्याच्या एक सेकंद आधी वेग +१९.६ असायला हवा होता, असे ते समीकरण सांगते. म्हणजे त्याच क्षणी पाण्याच्या पृष्ठभागावरून कोणी गोटा १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकला असता, तर तो एका सेकंदात कठड्याशी आपल्या हाताच्या उंचीवर आला असता, तिथे त्याचा वेग ९.८ उरला असता, आणि पुढचा सगळा प्रवास आपल्या गोट्यासारखाच झाला असता. परत पाण्यावर आदळतानाही त्याचा वेग १९.६ च, फक्त चिन्ह ऋण : ३ सेकंदांसाठी तेच समीकरण मांडले, तर ९.८ वजा २९.४, म्हणजे −१९.६ येतात. हवेचा विरोध सोडला, तर एकाच उंचीवर वर जातानाचा आणि खाली येतानाचा वेग सारखा असतो, आणि समीकरणाच्या दोन उत्तरांपैकी एक नेहमी त्याच जागेवरून वर जातानाची वेळ असते.